धोंडुमावशीनं कोची बघितली

कोचीच्या समुद्रातले त्या सकाळचे मासे माझ्यामुळे वाचले. कोळ्यांनी मला त्याबद्दल जे काही म्हटलं ते मल्याळममध्ये होतं, त्यामुळे मी त्याचा राग धरलेला नाही.

झालं असं. फोर्ट कोचीला समुद्राच्या तोंडाशी चिनी जाळी उभी आहेत. सागवानाच्या लांबलचक वाशांना टांगलेली, खोलीएवढी मोठी. जाळं पाण्यात सोडायचं, थोडं थांबायचं, मग पाच-सहा जणांनी दोर ओढून वर काढायचं. दोरांना मोठाले दगड बांधलेले असतात, त्यांच्या वजनानं ओढणं हलकं होतं. शेकडो वर्षांपूर्वी चिनी लोकांनी ही युक्ती इथं आणली असं सांगतात. पाहुण्यांनी दोराला हात लावला तर कोळी हसून लावू देतात. मीही लावला. पण मला फोटोही हवा होता. आमचा ड्रायव्हर पप्पू मोबाईल धरून उभा होता, मी त्याच्याकडे बघून हसलो, आणि शेवाळावरून पाय सटकला. मी पुढच्या माणसावर पडलो, तो त्याच्या पुढच्यावर. अर्धं वर आलेलं जाळं धप्पकन पाण्यात गेलं आणि मासे आपापल्या घरी गेले.

कोळ्यांचा म्होरक्या माझ्याकडे यायला निघाला. तेवढ्यात आमच्यातून धोंडुमावशी पुढं झाली. लुगड्याचा काष्टा, कुंकू नसलेल्या कपाळावर मोठं गोंदण, हातात काठी.

"आवं, पडला त्यो! मुद्दाम केलं काय त्येनं? म्हातारं माणूस हाय, दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

मी साठीचा. मावशी सत्तरीची. पण बोलायची ती वेळ नव्हती. मराठी लागू पडत नाही असं दिसल्यावर मावशीनं जतकडची कानडी काढली. "होगली बिडप्पा," म्हणाली, म्हणजे जाऊ दे रे बाबा. म्होरक्याला किती कळलं कोण जाणे, पण तो हसला. मावशीच्या काठीकडे बघूनही हसला असेल.

मग मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बापू, तुमी दोराला हात लावू नगा. तुमी नुसतं सांगायचं काम करा."

सांगायचं काम मीच माझ्याकडे घेतलं होतं. जतहून कन्याकुमारीला मिनीबस निघायची ठरली तेव्हा मी स्वतःला सहलप्रमुख नेमलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. वाटेतल्या गावांचा इतिहास मी वाचून आलो होतो. बसमधल्या बाकीच्यांना इतिहासापेक्षा शहाळ्यात गोडी होती. ऐकायची ती एकटी धोंडुमावशी. बस सुटायच्या वेळी ती गाठोडं घेऊन आली आणि पप्पूला म्हणाली, "मला कन्याकुमारी नगं. कोचीत एक दिस थांबवा, म्हंजी झालं."

का, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशीचा मुलगा धनाजी कोचीला होता. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागात पाऊस नाही, त्यामुळे माणसं सोन्याचांदीच्या मागं देशभर पांगली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, त्याला गलाई म्हणतात. भारतातल्या कुठल्याही शहरात सराफाच्या गल्लीत शिरा, भट्टीपुढं आमच्या दुष्काळी तालुक्यातला कुणीतरी घाम पुसत बसलेला सापडेल. मावशीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नवरा मेंढरांमागं फिरता फिरताच वारला. धनाजी म्हणाला, मी मेंढरांमागं फिरणार नाही, आणि सोळाव्या वर्षी गावातल्या यासीनबरोबर कोचीला गेला. सत्ताविसाव्या वर्षी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिथंच वारला. इथून कुणाला जाता आलं नाही. यासीननं त्याला अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. हे त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मावशीनं त्याला एवढ्या शिव्या दिल्या की फोन दुसऱ्याचा होता हेही ती विसरली. त्यानंतर यासीन गावाकडं आला नाही.

आमच्याकडे असा अकाली गेलेल्या, लग्न न झालेल्या पोराचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली छोटी मूर्ती. ती देव्हाऱ्यात बसवायची, सणाला तिला आंघोळ घालायची, नैवेद्य दाखवायचा. मग तो पोरगा घरात आला असं धरतात. मावशीनं पाच वर्षं टाक केला नव्हता. भावकीनं चांदी आणून दिली, तिनं परत केली. म्हणाली, त्याच्या हातची चांदी पाहिजे. लोकांनी समजावलं की मावशी, गलाईवाल्याच्या हातची चांदी त्याची नसते, ती सराफाची, आज आली आणि उद्या गेली. मावशी म्हणाली, "मी जाऊन बघती."

त्या बघण्यासाठी ती आली होती. आणि तरी सकाळपासून माझ्याबरोबर कोची बघत हिंडत होती. मला वाटलं, यासीनच्या दुकानात जायचं ती टाळते आहे. मीही घाई केली नाही. त्या दुकानात काय मिळणार याची मलाच धास्ती होती.

जाळ्यांपासून जवळच सेंट फ्रान्सिसचं जुनं चर्च आहे. आत छताला कापडी पंखे टांगलेत, पूर्वी बाहेर बसलेली माणसं दोरीनं ते हलवायची. एका बाजूला फरशीत बसवलेला दगड, भोवती कठडा. मी घसा साफ केला.

"मावशी, वास्को द गामा नावाचा पोर्तुगीज होता. समुद्रातून वाट काढत हिंदुस्थानात आला. शेवटी इथंच कोचीत वारला, ही त्याची कबर."

"हितंच मेला? त्येचं गाव कुठं?"

"लांब. समुद्रापलीकडं."

"मग गावाकडं कुणी न्हेला न्हाई?"

"नेला ना. चौदा वर्षांनी इथून हाडं काढून नेली त्याच्या देशाला."

मावशी कठड्याला धरून वाकली. "म्हंजी आता हितं कोण हाय?"

"कोणी नाही. मोकळीच."

"मग दगूड कशाला जपलाय?"

"तो इथं होता म्हणून."

मावशीनं कठड्यातून हात घातला, फरशीला लावला आणि कपाळाला लावला. शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्या बाईनं तिचा फोटो काढायला कॅमेरा उचलला, आणि का कुणास ठाऊक, खाली ठेवला.

तिथून मट्टनचेरीचा राजवाडा. पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, नंतर डच लोकांनी दुरुस्त केला, म्हणून नाव पडलं डच पॅलेस. बांधलं एकानं, नाव दुसऱ्याचं. बाहेरून पाहिलं तर आपल्याकडचं तहसील ऑफिस वाटावं, पण आत भिंतीभर रामायण रंगवलंय. मावशी एकेका चित्रापुढं थांबत होती. शेवटी शेवटी राम अयोध्येला परत येतो, तिथं तिनं मला विचारलं, "किती वर्सं झाल्ती?"

"चौदा."

"ह्या गावात समदी चौदा वर्सांनीच परत जात्यात व्हय?"

ती हसली. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही.

पुढं ज्यू लोकांची गल्ली, त्यांचं जुनं प्रार्थनामंदिर. खाली निळ्यापांढऱ्या चिनी फरश्या, वर हंड्याझुंबरं. चपला काढून आत जायचं असतं, ते मावशीला आवडलं. मी सांगितलं की हे लोक शेकडो वर्षं इथं राहिले आणि मग बहुतेक सगळे आपल्या देशात निघून गेले. मावशी फरशीवर अनवाणी उभी होती. म्हणाली, "थंडगार हाय. धनाजी म्हणायचा, आई, तिथली फरशी लय गार हाय, आपल्या जतंत असली एक पायजे हुती." मग मलाच म्हणाली, "चला. आता दुकानात चला."

दुकान त्याच भागातल्या बोळात होतं. मसाल्यांच्या वासात मध्येच चांदी शुद्ध करायच्या तेजाबाचा उग्र वास आला की समजावं, आपला माणूस आला. अंधारी खोली, भिंती काळ्या, एक भट्टी, तिच्यापुढं बसायला दोन पाट. त्यातला एक रिकामा. यासीन उभा राहिला. तिशी-पस्तिशीचा असेल, केस मात्र पांढरे. मावशीला बघून त्याच्या हातातला चिमटा खाली पडला.

"मावशी, तू?"

"व्हय, मी. कुठं सोडलास त्याला?"

दुसरं काही नाही. पाणी नाही, बस नाही. यासीननं मान खाली घातली. "जाळी हायत न्हवं किनाऱ्यावर? त्येच्या पुढं. होडीतनं जाऊन."

"सकाळी तिथंच हुते मी." मावशीनं काठी भिंतीला टेकवली. "आरं, त्या पोरानं जलमभर टँकरम्होरं घागरी धरल्या रं. हंडाभर पाण्यात आमी समदी आंघुळ करायचो. त्येला एवढ्या पाण्यात सोडलास? त्येला पवायला बी येत नव्हतं!"

यासीन रडायला लागला. मी दाराकडं बघितलं. पप्पू बाहेर उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

"मावशी, मलाबी ताप हुता," यासीन म्हणाला. "तवा गाड्या बंद. राखंचं मडकं मी हितं ठेवलं, ह्या फळीवर. रात्री खोकला यायचा तवा मला वाटायचं, मीबी मेलो तर ह्या मडक्यात कोण हाय ते कुणाला कळणार? घरमालक कचऱ्यात टाकंल. कोण हाय ते म्हाईत असलेला मी एकटाच हुतो गं हितं. म्हणून सोडलं. मी दुवा मागितली, आणि तुमचं मला येत हुतं तेवढं म्हणलं. राम म्हणलं. बिरोबा म्हणलं."

मावशी मग रिकाम्या पाटावर जाऊन बसली. धनाजीच्या.

"पाच वर्सं गावाकडं का आला न्हाईस?"

"तू शिव्या दिल्या हुत्यास."

"दिल्या तर? आईनं दिल्या तर गाव सोडत्यात व्हय, मुडद्या?"

त्यानंतर यासीननं चहा मागवला. मावशीनं त्याला टाकाचं सांगितलं. मी मनात म्हटलं, आता तो 'नाही' म्हणणार, आणि ही म्हातारी रिकाम्या हातानं कन्याकुमारीला येणार.

यासीननं भट्टीमागून पत्र्याचा एक डबा काढला. आत काळी माती होती. गलाईच्या दुकानात केर फेकत नाहीत. काम करताना चांदीचे कण उडतात, ते धुळीत, राखेत, भिंतीच्या काजळीत बसतात, म्हणून झाडलेला कचराही जपून ठेवतात आणि वर्षाकाठी गाळतात.

"त्येच्या पाटाखालची हाय," यासीन म्हणाला. "वरचा केर दरसाली गाळायचो, खाली अकरा वर्सं मुरलेली माती त्यो गेल्यावर उकरली. माझी गाळली. ही ठेवली. का ठेवली, ठावं न्हाई. गाळावी वाटली न्हाई."

"आता गाळ," मावशी म्हणाली.

दुपारभर ते काम चाललं. यासीननं माती जाळली, धुतली, मग मातीच्या मुशीत घालून, मळ सुटावा म्हणून टाकणखार टाकला आणि भट्टी पेटवली. बसमधली माणसं शहाळी पिऊन, मसाले घेऊन, परत येऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि कुणी आवाज दिला नाही. मावशी जाळाकडं बघत बसली होती. वेळ जावा म्हणून मी पुन्हा कोचीबद्दल बोलायला लागलो, मिरीचा व्यापार, अरब, डच, इंग्रज. यासीन मध्येच म्हणाला, "मावशी, धनाजीनं ह्यातलं काय बी बघितलं नव्हतं. त्यो फोनवर सांगायचा ते गिऱ्हाइकाकडनं ऐकलेलं. आमाला सुट्टी कुठं असायची?"

मला वाटलं, हे त्यानं बोलायला नको होतं.

"म्हाईत हाय," मावशी म्हणाली. "खोटं बोलताना त्येचा आवाज बारीक व्हायचा. त्येनं बघितलं न्हाई म्हणून तर सकाळधरनं समदं बघत आले."

भट्टी विझली. यासीननं मूस उपडी केली, वरचा काळा खापरासारखा थर फोडला, आणि खाली जो काही होता तो थेंब पाण्यात टाकला. चुर्र आवाज झाला. मग पाण्यातून काढून, फडक्यानं पुसून त्यानं तो मावशीच्या तळहातावर ठेवला. हरभऱ्याएवढी चांदी. अकरा वर्षं एका पाटावर बसून धनाजीच्या हातून निसटलेली, ती एवढी.

मावशीनं मूठ मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

माझ्यातला सहलप्रमुख गप्प बसणारा नव्हता. मी मनातल्या मनात सोनाराचा हिशेब मांडला होता: एवढ्या चांदीचा टाक करंगळीच्या नखाएवढा होईल, त्यावर नाकडोळे तरी कुठे उठणार, देव्हाऱ्यात खंडोबा-बिरोबाच्या शेजारी तो दिसणारसुद्धा नाही. मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, "मावशी, यात थोडी बाजारची चांदी घालू या. मी देतो. चांगला उठून दिसेल असा टाक होईल."

मावशीनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"नगं. त्यो जगलाच तेवढा."