माल्सूनकाकूंचा प्रश्न

कोरियातल्या आमच्या गावात उन्हाळ्यात कुणाची भूक मेली की माल्सूनकाकूंचं अंगण गाठायचं, हे ठरलेलं. बांधावरच्या इंगमोचो या कडू औषधी झुडपाचा पाला खुडून त्या दगडी खलात ठेचत, फडक्यातून पिळत आणि रसाच्या वाट्या सोया सॉसच्या रांजणांच्या झाकणांवर रात्रभर दवात ठेवत. सकाळी अनशापोटी अर्धी वाटी, वर खडीसाखरेचा खडा. कडू? अहो, त्यापुढे कारलं गोड लागेल!

पण समोर बाई असली की आधी प्रश्न. "पाळी कधी आली होती?" तोही चारचौघांत, खणखणीत आवाजात. पोटुशी बाईला हा रस चालत नाही, गर्भ पडू शकतो. काकूंच्या बहिणीचा तसाच पडला होता, आणि रस आईनेच पाजला होता. तेव्हापासून काकूंनी एकीलाही सोडलं नाही. मला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी विचारलं!

"काकू, काही लाज?"

"तुझा काय भरवसा!"

त्या ऑगस्टात त्यांची सून गुमोक सोल शहरातून आली. चेहरा उतरलेला, भाताचं शीत पोटात ठरत नव्हतं. दुसऱ्या सकाळी मी माझ्या वाटीसाठी गेले, तर गुमोकच्या हातात वाटी आणि काकू गप्प! लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. विचारलं तर पोरीला लागेल म्हणून जगाला छळणारी ही बाई घरात मुकी. आता मीच विचारते म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी वाटी हिसकावली आणि स्वतःच घटाघटा पिऊन टाकली.

"आज माझंच पोट बिघडलंय," म्हणाल्या.

गुमोकचे डोळे भरले. "आई, गावातल्या प्रत्येकीला विचारता. मला एकदाही नाही. माझी आशाच सोडलीत ना?"

"अगं नाही गं! तुला दुखेल म्हणून..."

"मग विचारा ना."

काकूंचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. पुटपुटल्या, "पाळी कधी आली होती?"

"जूनमध्ये. दगदगीने चुकली असेल म्हटलं. भीतीपोटी दिवस मोजलेच नाहीत मी."

काकूंनी रिकामी वाटी उपडी घातली. "आजच डॉक्टरकडे जायचं," एवढंच म्हणाल्या. रसाने तोंड कडूजार झालेलं, खडीसाखरेचा खडा हातातच होता. तो त्यांनी सुनेच्या तोंडात घातला.