पोटावर डाग नव्हते

मशीनवर बाळाचे ठोके मंद पडत होते. रेखाने माझा हात इतका आवळला की बांगडी मनगटात रुतली. पोट तपासता तपासता डॉक्टर मॅडम थांबल्या.

"रेखा, रोजचं इंजेक्शन घेतेस ना?"

"घेते."

"मग पोटावर सुईचा एकही निळा डाग कसा नाही?"

रेखा छताकडे बघत राहिली. सासू दारातून बोलली, "ग्रहण लागलं तवा बंद केलं. पोटुशी बाईनं सुईला हात लावायचा नाय. आन् ही तर पोटातच खुपसायची."

"आजी, ग्रहण कधीच सुटलं," मॅडम म्हणाल्या.

"भ्या नाय सुटलं. सुई बाळाच्या डोळ्यात गेली म्हंजे?"

"डोळ्याचं सोडा, बाळच जायला बसलंय," मी म्हणाले. मॅडमनी डोळे वटारले. पण खरं तेच होतं. रेखाची आधीची दोन पाचव्या महिन्यात गेली होती.

मी नाशिकच्या एका प्रसूतिगृहात आया आहे. चौथी शिकले. मॅडमनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. रक्तात राखणदार असतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. जंतू आला की ते तुटून पडतात. गरोदरपणातही ते थोडे लागतात, पण शरीर त्यांना आवरून धरतं. रेखाच्या रक्तात दोष होता. त्यामुळे ते चवताळून वारेवरच धावून जायचे. वारेतून बाळाला अन्न पोचतं. ती बिघडली की बाळ उपाशी. ते इंजेक्शन गुठळ्या होऊ देत नाही आणि या राखणदारांनाही आवरतं. सुई कातडीखालीच राहते. हे रेखाला सांगितलं होतं. ग्रहणाचा विषय कुणी काढलाच नव्हता.

लगेच सिझेरियन केलं. ओंजळीत मावेल एवढी मुलगी. रडली नाही, नुसती कण्हली. काचेच्या पेटीत ठेवली.

रेखा टाके धरून काचेशी उभी राहायची.

"मावशी, एकदा मांडीवर द्या ना."

"नळ्या निघू देत."

"नुसता वास घेते."

तेही जमणार नव्हतं. मागच्या खेपेला बाळ गेल्यावर दूध आटावं म्हणून मी तिची छाती फडक्याने बांधली होती. या खेपेला ती वाटीत दूध काढायची आणि नर्स ते नळीने थेंब थेंब पाजायची. वाटी देताना रेखा नर्सचा हात लवकर सोडायची नाही; तोच हात बाळाला लागणार होता.

"पोरीला घ्यायला माझा नंबर कवा?" सासूने विचारलं.

"सगळ्यांत शेवटी," मी म्हणाले.



आता हे इंजेक्शन लिहून दिलं की मॅडम बजावतात, ग्रहणातही घ्यायचं. बायका हसतात. हसा, पण घ्या.

रेखा जगली. मुलगीही जगली.