गारांच्या दिवशी फोडलेला नारळ

"तात्याऽऽ! आरं, तुझी बाग झोपली रंऽऽ!"

देवळाच्या पायऱ्यांखालून शेजारच्या मळ्यातला शंकर ओरडत होता. चिखलाने माखलेला, एकाच पायात चप्पल. आणि मी? मी सिद्धनाथासमोर, दोन्ही हातांत नारळ, हात डोक्याच्या वर. नारळ खाली आला. फाटकन फुटला, पाणी गुरवाच्या तोंडावर उडालं आणि माझ्या तोंडून गावभर ऐकू जाईल असं निघालं — "देवा, तुझं लय उपकार!"

देवळात तेव्हा वीस माणसं होती. पुढे गावात त्यांची दोनशे झाली. त्यात माझाही थोडा हात आहे. पण सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच — ह्या माणसाला बाग गेल्याची बातमी कळली, आणि ह्याने त्याच क्षणी देवाचे आभार मानले! एक म्हातारा तर खांबाला धरून रडायलाच लागला.

त्या नारळाबद्दलची खरी गोष्ट मी आठ वर्षं कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. गेल्या महिन्यात एका माणसाला सांगितली, आता तुम्हाला सांगतो. जरा आडवळणाने येईन. सरळ बोलायची आमच्या तोंडाला सवय नाही.

गारा कसल्या होत्या म्हणता? लोक म्हणतात, लिंबाएवढ्या. लोकांना काय कळतं! एक गार आमच्या म्हशीच्या दोन शिंगांत अडकली, ती दिवस मावळेपर्यंत वितळली नाही. म्हैस सर्दीने आठ दिवस शिंकत होती. (माझं कुठलंही माप चाराने भागून घ्यायचं, असं बायको पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते. तुम्हीही भागून घ्या. पण पुढचं मात्र भागू नका — ते आहे तेवढंच आहे.)

आमच्या तासगावच्या बाजूला द्राक्षं काढणीला आली की माणसं आभाळाकडे मान करूनच जेवतात. आणि आमच्या गावात एक रीत आहे. ढग बागेवर आला आणि बाग सोडून पुढे गेला, तर बागवाल्याने त्याच दिवशी देवाला नारळ फोडायचा. बाग वाचली त्याने फोडायचा. गेली त्याला कोण विचारतो? तो आपला घरात भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो.

म्हणून तर गाव थक्क झालं. बाग गेलेल्याने नारळ फोडलेला आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नव्हता. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी माझं नाव घेऊन सांगितलं, "सुखात तर कोणीही हात जोडतो, दुःखात जोडले ते ह्यांनी!" मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. केवढा नम्र माणूस, असं बायका म्हणाल्या. नम्र? मान वर करायची हिंमत कोणात होती?

आणि मग सुरू झाला माझा वनवास. माझं काही वाईट झालं की गाव माझ्या हातात नारळ द्यायचं! म्हैस विहिरीत पडली, तर एकजण दोरखंड घेऊन धावला आणि तिघेजण नारळ घेऊन. विहिरीवरची मोटार जळली — नारळ. ट्रॅक्टर ओढ्यात गेला — नारळ. दाढ काढून, गाल फुगवून घरी आलो, तर उंबऱ्यावर शेजारीण उभी. "तात्या, देवळात जाऊन आला न्हवं?" आमच्या घरी तीन वर्षं दुसरी चटणीच झाली नाही, रोज आपली खोबऱ्याची!

आता नारळ फोडायचा म्हणजे नुसता फोडून भागत नाही. लोक कान देऊन उभे असतात. आभार मानायचे, पण कशाचे? मग शोधावं लागायचं. म्हैस गेली, पण रेडकू तगलं — देवा, उपकार. मोटार जळली, पण विहीर काठोकाठ, पाण्याला हात लागत होता — उपकार. पहिल्या पहिल्यांदा हे मी नाटकातल्या राजासारखं म्हणायचो. पुढे पुढे — कसं सांगू — तोंड म्हणायचं ते कान ऐकायचे. घरी येऊन त्या रेडकाकडे बघायचो तर ते खरंच गोजिरवाणं दिसायचं. भाकरी पापुद्र्यासह फुगली तरी मी खूश. पोरगी शिरवळहून फोन करायची, "आबा, तुमी येवढं आनंदात का असता वो?" काय सांगणार? खोटं पचावं म्हणून सुरू केलेलं औषध मला लागू पडलं होतं. पण त्याने खोटं खरं होतं का? नाही होत.

आता बापूकडे येतो. आठ वर्षं त्याच्याकडेच यायचं टाळतोय.

बापू माझा चुलतभाऊ. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. त्याची बाग टेकडीच्या उतारावर, माझी ओढ्याकाठी. त्याच्या बेदाण्याला असा रंग यायचा की व्यापारी माझ्या शेडवरून सरळ पुढे जायचे, माझ्याकडे पाणी पिऊन! मला ते खुपायचं. खुपायचं म्हणजे — रात्रंदिवस कुसळासारखं.

त्या दिवशी मी देवळाच्या गच्चीवरून आभाळ बघत होतो. गारांचा पांढराशुभ्र पडदा बापूच्या टेकडीवर उतरताना दिसला. ओढ्याकडे ऊन. मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो, दारातल्या दुकानातून नारळ घेतला. बागेत जाऊन बघण्याचंही भान नव्हतं. माझी वाचली एवढ्याचा तो आनंद असता, तर आज तुम्हाला हे सांगत बसलो नसतो. बापूची गेली, ह्याचा होता. नारळ वर उचलला तेव्हा मनात काय होतं ते जसंच्या तसं सांगतो — 'देवा, बरोबर माणूस गाठलास.' त्यासाठी ते उपकार होते. शंकरची हाक आली तेव्हा नारळ निघालेला होता, शब्दही निघालेले होते.

वारं फिरलं होतं. टेकडीवर चार गारा टाकून ढग ओढ्यावर जाऊन बसला होता. माझा मांडव तारांसकट जमिनीवर. बापूच्या एका घडाला धक्का नाही.

लोक माझ्या पाया पडायला लागले आणि मी पडू दिलं. त्यानंतर बापू दरवर्षी नव्या बेदाण्याची पहिली परात आमच्या घरी घेऊन यायचा, "देवमाणसाच्या घरी पयली" म्हणून. आणि मी ती खायचो. गोड लागायची, हेही सांगून टाकतो.

मग गेल्या वर्षी शालनवहिनींच्या — बापूच्या बायकोच्या — पोटात गाठ निघाली. सांगलीला ऑपरेशन. वहिनींना आत नेलं, आणि बापूने पिशवीतून नारळ काढून दवाखान्याच्या फाटकापाशी दगडावर फोडला. वॉचमन धावून आला. "ओ काका, हितं काय लावलंय!" बापूने माझ्याकडे बोट केलं. "ह्येची सबंध बाग गेली, तरी ह्येनं देवाचं उपकार मानलं. माझी तर अजून आत जित्ती हाय." वॉचमनने हात पुढे केला, खोबऱ्याचा तुकडा घेतला, कपाळाला लावला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. हा माणूस कशावर टेकून उभा होता, हे त्या जागी मला एकट्यालाच माहीत होतं.

गाठ साधी निघाली. वहिनी आता ठणठणीत आहेत. बापूवर ओरडतात ते साताऱ्यात ऐकू जातं. (हे भागा.)

गेल्या महिन्यात बापू परात घेऊन आला, तेव्हा मी ती हातात घेतली नाही. ओट्यावर बसवलं त्याला आणि सांगितलं. गच्ची, पांढरा पडदा, दुकानातला नारळ, मनातलं ते वाक्य — त्याच्या नावासकट. एकदाही वाढवून सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी एखादी गोष्ट इतक्या लवकर संपली.

बापू परातीतल्या बेदाण्यांच्या काड्या निवडत होता. निवडतच राहिला. मग म्हणाला,

"वाचल्याली बाग माझी हुती, तात्या. नारळ मी फोडाय पायजे हुता. मी देवळाकडं फिरकलोच न्हाई."