अंबुजाआत्याची चिठ्ठी

आमची अंबुजाआत्या म्हैसूरच्या कोर्टात बारा वर्षं चिठ्ठ्या लिहीत होती. थट्टा नाही ही. ती तिरुमलराव वकिलांची ज्युनिअर. ते उलटतपासणीला उभे राहिले की ही मागे बसून पुढचा प्रश्न कागदावर खरडायची आणि त्यांच्या हातात सरकवायची. डोकं हिचं, आवाज त्यांचा, नावही त्यांचंच. हिच्या मागून आलेला प्राणेश दोन वर्षांत स्वतः खटले चालवू लागला. हिच्या वाट्याला तारखा मागणं. "बाई उभी राहिली की पक्षकार बिचकतात," तिरुमलराव म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

रविवारी अवरेच्या शेंगा सोलताना आत्या एकच खटला पुन्हापुन्हा सांगायची. आज तो ऐकायला मी कितीही शेंगा सोलेन.

सन एकोणऐंशी. बन्नूरच्या पुष्पावतीचा नवरा वारला आणि दिरानं खोट्या मृत्युपत्रावर तिचा उसाचा मळा लाटला. ऐन साक्षीच्या दिवशी तिरुमलरावांचा घसा बसला, आणि प्राणेश एच. डी. कोटेच्या कोर्टात गेलेला. आत्या म्हणाली, मी उभी राहते. पुष्पावतीनंच हात जोडले. "बेडा अक्का, नको! तारीख घ्या की. बाईचं कोण ऐकणार?"

"चार वर्षं तारखाच घेतल्या की! आता सुम्मने, गप्प बस," आत्या कडाडली. तेवढ्यात पुकारा झाला.

दोन प्रश्न ठीक गेले. मृत्युपत्रावरचा साक्षीदार म्हणाला, "आजारी माणसाला आम्ही दोघा साक्षीदारांनी दोन्हीकडून धरून बसवलं, मग त्यानं सही केली." आत्याला पुढचा प्रश्न सुचला, आणि सवयीनं ती खाली बसली, चिठ्ठी लिहिली, हात पुढे केला. पुढे कुणीच नव्हतं. कोर्टात हशा पिकला.

"बाई, चिठ्ठी कुणाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मलाच, साहेब." ती उठली आणि वाचू लागली, "तुम्ही दोघांनी माणूस धरला, मग कागद कुणी धरला?"

"त्याच्या धाकट्या भावानं," साक्षीदार बोलून गेला. त्या दिवशी आपण मेटगळ्ळीला कारखान्यात होतो, असं त्याच दिरानं शपथेवर सांगितलं होतं.

मळा परत मिळाला. निकालाच्या दिवशी पुष्पावतीनं व्हरांड्यात आत्याचे हात धरले. "अक्का, एवढं येत होतं तर इतकी वर्षं मागे का बसलात?"

इथपर्यंत आत्या हसत सांगायची. मग शेंगा तशाच मांडीवर राहायच्या.

"बारा वर्षं गं," म्हणायची, "आणि मला विचारलं कुणी, तर तिनं."