पप्पा पाण्यात उतरले नाहीत

माझ्या पदवीदान समारंभासाठी पप्पा सिडनीला आले, तेव्हा मी पॅरामॅटाजवळ एका ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्या जोडप्याकडे खोली घेऊन राहत होते. त्या वर्षांत आपल्याकडची मुलं विमानं भरभरून शिकायला येत होती. माझ्या वर्गातली मुलं एकेका फ्लॅटमध्ये आठ-आठ जण राहत आणि गाद्या पाळीने वापरत. मला स्वतंत्र खोली होती, घरमालकांची मर्जी होती, आणि ती टिकवण्याकडे माझं नको इतकं लक्ष असे.

त्यांची एक जुनी शिडाची बोट होती. ईस्टरच्या सुट्टीत ते दरवर्षी हॉक्सबरी नदीच्या मुखाशी एका शांत खाडीत नांगर टाकून चार दिवस राहत. पूर्वी मुलं बरोबर असायची. त्या वर्षी कोणी येणार नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हा दोघांना नेलं.

म्हाताऱ्यांनी तरुणपणी मुलाबाळांसह एक उन्हाळा भूमध्य समुद्रात असाच काढला होता. त्यानंतर जगातलं कुठलंही पाणी दिसलं की ते त्या पाण्याशी ताडून बघत.

“तिथे नांगर तळाशी पडलेला दिसायचा,” ते म्हणाले.

“दरवर्षी तो थोडा आणखी खोल जातो,” त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

मी पप्पांना मराठीत सांगितलं. पप्पा हसले. “त्यांना सांग, आमच्या नदीत म्हैस बसली तरी दिसायची नाही.”

हे मी सांगितलं आणि म्हातारे पोट धरून हसले. बाकीचं सगळंही मीच सांगत होते, कारण पप्पांना इंग्रजी वाचता येई, पण बोललेलं कळत नसे.

पप्पा लहान असताना गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना जाता येत नसे. वरच्या आळीची मुलं पायऱ्यांवरून पाण्यात उड्या, मुटके मारायची, आणि पप्पा लांबून नुसता आवाज ऐकायचे. ते पोहायला शिकले ते नदीच्या वळणापलीकडे, म्हशीचं शेपूट धरून. पुढे नोकरीत जिथे जिथे बदली झाली, तिथलं पाणी त्यांनी आधी गाठलं. नदी, तलाव, नगरपालिकेचा हौद. घर नंतर शोधायचे. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोटीच्या आतल्या खोलीतून वर आले. कमरेला टॉवेल, त्याखाली पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी. ती त्यांनी निघण्याआधी शिंप्याकडून खास शिवून घेतली होती. नाडी लोंबत होती. त्यांचं पोहणं मला माहीत होतं: उडी मारताना आरोळी, पाय धपाधप आपटणं, तोंडातून पाण्याची चूळ. म्हाताऱ्या बाई पलीकडे पाव भाजत होत्या. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की माझे वडील सरकारी खात्यात अधिकारी होते, फार वाचतात.

“उतरू का गं?” पप्पांनी विचारलं.

“नाही, पप्पा. इथे परवानगी नाही.”

ते क्षणभर पाण्याकडे बघत राहिले आणि खाली जाऊन पँट घालून आले. म्हाताऱ्यांनी मला विचारलं, तुझे बाबा पोहणार नाहीत का? मी म्हणाले, त्यांना पोहता येत नाही.

तासाभराने ते दोघं नवरा-बायको शिडीवरून पाण्यात उतरले. पप्पा कठड्याशी उभे होते.

“ते उतरले की.”

“त्यांची बोट आहे, पप्पा.”

यावर पप्पांनी मान हलवली. ते त्यांचं जुनं मान हलवणं होतं, ऑफिसात साहेबासमोरचं. त्या वेळीही मला ते ओळखू आलं.

पुढचे दोन दिवस म्हाताऱ्यांनी त्यांची फार काळजी घेतली. पप्पा कठड्याकडे गेले की ते मागोमाग जात, खांद्यावर हात ठेवून त्यांना हळूच मागे घेत, एकदा तर त्यांनी स्वतःच्या हाताने पप्पांना लाइफ जॅकेट बांधलं. पोहता न येणारा माणूस बुडू नये म्हणून. पप्पांना त्यातून काय कळत होतं, ते मला दिसत होतं. एक वाक्य बोलून मला सगळं निस्तरता आलं असतं. पण कोणाला सांगायचं आणि खोटं कोणापुढे कबूल करायचं, याचा विचार करता करता चौथा दिवस आला आणि आम्ही नांगर उचलला.

पप्पा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यादिवशी सकाळी मी आत्याजवळ बसून लसूण सोलत होते.

“तिकडंबी त्याला पान्यात उतरू दिलं न्हाई म्हनं,” आत्या म्हणाली. “पन मानसं चांगली व्हती म्हनायचा. आपल्या हातानं वाढायची.”

“त्यांनी नाही, आत्या. मी उतरू दिलं नाही.”

“तू कशाला? तुझी बोट व्हती का?”

मी सगळं सांगितलं. चड्डीचंही. आत्याने हातातला लसूण खाली ठेवला.

“त्याला सांगितलं व्हतंस?”

“नाही.”

“मंग मला कशाला सांगतीस?”

दुपारी भेटायला आलेल्या बायकांना ती पप्पांच्या ऑस्ट्रेलियाचं सांगत होती. बोट, शिड, म्हातारा-म्हातारी, हाताने वाढलेलं जेवण. पाण्यापाशी आली तशी तिने माझ्याकडे न बघता ते गाळलं आणि पुढचं सांगू लागली. मी बायकांना चहा देत राहिले.