कबरीवरचे गोटे

मंडप बघूनच माझं डोकं फिरलं. सिकंदराबादला रेल्वे कॉलनीच्या मागं ज्यू लोकांची लहानशी दफनभूमी आहे. मूठभर कबरी, तारेचं कुंपण, एक लिंबाचं झाड. एरवी शेळ्या सोडून तिथं कोणी फिरकत नाही. त्या दिवशी मात्र लाल गालिचा, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि फाटकाशी नवा काळा दगड, वर कापड टाकलेला. इथं राहून गेलेल्या ज्यू घरांची नावं त्याच्यावर कोरली होती. मला बोलावणं होतं. त्या लोकांना जवळून बघितलेला कॉलनीतला मीच काय तो उरलोय.

ते आपल्यासारखंच मराठी बोलायचे. कोकणातले बेने इस्रायल, रेल्वेच्या नोकरीपायी इकडं आलेले. आम्ही बौद्ध, नांदेडकडचे. मी लोको शेडमध्ये खलाशी, इंजिनं धुणारा-पुसणारा. लग्न होऊन बायको इकडं आली तेव्हा तिला ना तेलुगू येत होती, ना इथली उर्दू. नळावर बायकांचा कल्ला, आणि ही घागर धरून मुकी उभी. शेजारची ज्यू बाई म्हणाली, "अगो, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय? ये हो घरात." गेली. पाणी प्याली. जात कोणी विचारली नाही. त्यांचा मलिदा व्हायचा, गोड पोहे, खोबरं, फळं, तर पहिली वाटी आमच्याकडं.

त्या बाईची धाकटी पोर तापानं गेली. तिला इथंच पुरली. पुढं सगळं घर इस्रायलला निघालं. सामान बांधून दारात पडलेलं, आणि ही बाई माझ्या बायकोचा हात धरून बसलेली. "माझ्या पोरीकडं जात जा गो. फुलं नको, सुकतात ती. आमच्यात दगड ठेवतात कबरीवर. कोणी येऊन गेलं, एवढं दिसलं म्हणजे झालं."

बायकोनं ते मनावरच घेतलं. माहेरी गेली की गोदावरीतला एक गोटा घेऊन यायची. मी म्हणायचो, "हैदराबादेत दगडांचा दुष्काळ पडलाय काय? सगळं गाव दगडावर बसलंय."

"इथला दगड लाथ मारू तिथं मिळतो," ती म्हणायची. "पोरीला लांबून आणलेलं काही नको?"

मी फाटकाबाहेर बिडी ओढत उभा राहायचो. ती आत जाऊन गोटा ठेवायची, जुने सारखे करायची, आणि पदराला हात पुसत यायची. "चला," म्हणायची. बस, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. राख तिच्याच गोदावरीत सोडली. साड्या सुनेनं वाटून टाकल्या. भांडी काय, कोणाच्याही हातची असतात. तिनं हातानं ठेवलंय असं म्हणायला त्या कबरीवरचे गोटेच उरले होते. म्हणून मंडपात न बसता मी आधी तिकडं गेलो.

कबरीला पांढरा चुना, वर झेंडूचा हार. गोटा एकही नाही.

कार्यक्रम भरवणाऱ्यांतली एक पुण्याची मुलगी मागून आली. "आजोबा, किती छान दिसतंय ना आता?"

"गोटे कुठायत?"

"कसले गोटे?"

झाडूवाल्याला कळलं. "वो कचरा था चच्चा. सब झाडको उधर दिवार के पास डाल दिये. अब्बी गाडी आती, ले जाती."

मी काय बोललो ते इथं लिहीत नाही.

भिंतीशी ढीग होता. पालापाचोळा, कागदी कप, चुन्याच्या पिशव्या, खडी. मी खाली बसलो आणि हात घातला. इथला दगड दाणेदार, टोचतो. गोटा हाताला बरोबर कळतो. तिकडं माइकवर माझं नाव पुकारत होते. पुकारू दे.

एक म्हातारी आली. पायात बूट, पांढरे कापलेले केस. त्या मेलेल्या पोरीची थोरली बहीण, समारंभासाठी इस्रायलहून आलेली. हिला मी फ्रॉकमध्ये बघितली होती.

"काय शोधता हो?"

"बायकोचे गोटे. तुमच्या बहिणीवर ठेवलेले. झाडून टाकले ह्या शहाण्यांनी."

तिनं माझ्या टोपीतला एक गोटा उचलून बघितला. मग म्हणाली, "आई मरेपर्यंत विचारायची, पोरीकडं कोणी जात असेल काय गो? आम्ही म्हणायचो, कोण जाणार तिथं?"

"जात होती," मी म्हटलं. "शेवटी पाय सुजले, तरी गेली."

ती ढिगाशी बसली, तशीच, चांगल्या कपड्यांत. माइकवर कोणी तरी 'हरवलेला समाज, हरवलेला समाज' करत होता. "हरवलेला म्हणे," ती म्हणाली. "मग इथं कचऱ्यात बसलीय ती कोण, माझी आत्या?" मला हसू आलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच असेल.

गाडी आली तेव्हा माझी टोपी अर्धी भरली होती. बाकीचे गेले गाडीबरोबर. थांबा म्हटलं तर कोणी थांबतं का?

आम्ही हार काढला आणि गोटे ठेवले. तिनं पर्समधून एक पांढरा खडा काढला. तिकडच्या, तिच्या आईच्या कबरीवरचा. तोही ठेवला. एक गोटा माझ्यापुढं धरून म्हणाली, "हा घरी न्या. त्यांची आठवण."

"नको. तिनं तो इथं ठेवलाय."

काळ्या दगडावर त्यांच्या घराचं नाव आलं. माझ्या बायकोचं नाही. येणार तरी कसं, ती ज्यू थोडीच होती.

आता मी जातो. गोदावरीपर्यंत जायला गुडघे राहिले नाहीत, आणि इथला दगड ठेवायला मन होत नाही. म्हणून तिचाच एक गोटा उचलतो, मुठीत गरम होईस्तोवर धरतो, आणि होता तिथं ठेवतो. मग फाटकाबाहेर येऊन बिडी पेटवतो. सवय ती. बिडी संपली तरी उभाच राहतो. आतून कोणी 'चला' म्हणत येत नाही.