आईच्या घरचं क्रोटन

अक्काचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सतरा कुंड्या एका छोट्या टेम्पोतून धुळ्याहून जळगावला माझ्या घरी आल्या.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मार्चमध्ये तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच ती गेली. दाजींना त्यांचा मुलगा दोन-तीन महिन्यांसाठी नाशिकला घेऊन जाणार होता. निघताना दाजी मला म्हणाले, "घर बंद राहील. झाडं तू ने."

मी "बरं" म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. बायका येऊन पाठीवरून हात फिरवायच्या, "रडून घे गं, मोकळी हो," म्हणायच्या. मला रडू येत नव्हतं. भूक लागायची, जेवायचे. झोपही लागायची. कुणी अक्काचा विषय काढला तर बाजूच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसं ते मला लांबून ऐकू यायचं.

जळगावच्या मेहरूण भागातल्या आमच्या घराला मागे अरुंद गॅलरी आहे. तिथे कुंड्या लावल्या. स्नेक प्लांट, मनीप्लांट, कोरफड, दोन-तीन फर्न, आणि एक पिवळ्या ठिपक्यांचं क्रोटन. क्रोटनची एक गोष्ट सांगायला हवी. अक्काच्या लग्नानंतर आईने एरंडोलच्या घरच्या क्रोटनच्या दोन फांद्या तोडल्या होत्या, एक तिला आणि एक मला. माझी फांदी पहिल्याच वर्षी वाळली. अक्काची जगली. पुढे तीसेक वर्षं ती मला हे ऐकवत राहिली. फोन कशासाठीही केलेला असो, शेवटी यायचंच, "आईचं झाड मस्त आहे हो माझ्याकडे."

कुंड्या उचलून ठेवताना दिसलं, बहुतेकांच्या तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आली होती. अक्का दर श्रावणात माती बदलायची. मला ते ठाऊक होतं. उन्हाळ्यात मुळांना हात लावायचा नाही, हेही तिनेच सांगितलेलं. तरी मे महिन्यातल्या एका रविवारी मी सकाळी चहा घेतला आणि माती आणायला निघाले. का, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

नर्सरीतली बाई शेणखताची गोणी बांधता बांधता म्हणाली, "ताई, आते कुंड्या नका बदलू. ऊन कितलं शे! पाऊस पडू द्या, मंग बठ्ठं करा."

मी ऐकलं आणि गोणी रिक्षात ठेवली.

गॅलरीत जुनी चादर पसरली. एकेक कुंडी आडवी करायची, कडेने खुरपं फिरवायचं, तळावर थापट्या मारायच्या. काळी माती विटेसारखी घट्ट झाली होती आणि मुळं तिच्याभोवती गुंडाळलेली. मी ती सोडवत बसले नाही, कात्रीने कापली. भोकावर खापरीचा तुकडा, त्यावर वाळू, माती आणि शेणखत. दुपार झाली, लोखंडी कठडा हात लावू देईना. हे दारात येऊन म्हणाले, "अगं, निदान ऊन उतरू दे." मी मान हलवली आणि पुढची कुंडी घेतली. अकरावी-बारावी कुंडी होती ती. क्रोटन. त्याची मुळंही मी तशीच कापली.

चौथ्या दिवशी क्रोटनने पानं टाकायला सुरुवात केली. हे रोज सकाळी पानं झाडून सुपलीत भरायचे. आठवड्याभरात नुसती काडी उरली. जून लागेपर्यंत सहा झाडं गेली. मी त्या सहा कुंड्यांनाही पाणी घालत होते. वाईट वाटायला हवं, एवढं मला कळत होतं.

जुलैत दाजी धुळ्याला परतले आणि एका सकाळच्या बसने आमच्याकडे आले. वाळले होते. पाणी प्यायले, आणि लगेच म्हणाले, "झाडं बघू."

मी त्यांना गॅलरीत नेलं आणि सांगून टाकलं. "दाजी, मी भर उन्हाळ्यात माती बदलली. सहा गेली. आईचं क्रोटनही गेलं."

त्यांनी वाकून त्या काडीला बोट लावून पाहिलं. मग प्लास्टिकच्या स्टुलावर बसले.

"ते आईंचं नव्हतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या अक्काचं ऑपरेशन झालं होतं ना, गर्भाशयाचं? ती बारा दिवस दवाखान्यात होती. जाताना म्हणाली, झाडांना पाणी घाला. मी सकाळ-संध्याकाळ घातलं. आईंचं झाड सडलं. मग त्याचं एक पान खिशात घालून सगळ्या नर्सऱ्या फिरलो. अगदी तसंच मिळालं. तिच्याच कुंडीत लावलं."

"अक्काला कळलं नाही?"

"घरी आल्या आल्या आधी तेच बघितलं तिने. म्हणाली, बघा, दुर्लक्ष होऊनही कसं टवटवीत आहे, आईचंच ते. तेव्हा सांगवेना. मग राहूनच गेलं." त्यांनी कुंडी स्वतःकडे ओढली. "तुला फोनवर ऐकवायला लागली की मी आत जाऊन बसायचो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "मला तरी सांगायचंत," एवढंच म्हणाले.

"तू सांगितलं असतंस तिला."

ते खरं होतं. मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

दाजींनी बाह्या दुमडल्या आणि ती काडी उपटून कठड्यापाशी ठेवली. कुंडीतली माती चादरीवर ओतून हाताने मोकळी केली. स्नेक प्लांटला बाजूने तीन नवे कोंब आले होते. त्यातला एक मी मुळासकट वेगळा करून त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो कुंडीत धरला, मी भोवतीने माती घातली. खोल गेला होता, म्हणून पुन्हा काढून वर घेतला. या सगळ्यात आम्ही बोललो ते फक्त "धरा", "थोडी अजून", "बास" एवढंच. मग हात धुऊन जेवायला बसलो. शेवभाजी होती. त्यांनी दोनदा वाढून घेतली.

दुपारच्या बसला ते ती कुंडी मांडीवर घेऊन बसले. वरच्या फळीवर ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. कुंडी खिडकीत ठेवली होती आणि आजच पाणी घालू का, असं विचारत होते.

"नको," मी म्हटलं. "दहा दिवस तरी नको. बोट घालून बघा, आत कोरडी लागली तरच घाला."

"किती आत?"

"दोन पेरं."

"थांब, लिहून घेतो," दाजी म्हणाले, आणि पेन शोधायला गेले. मी फोन कानाला धरून थांबले.